मावशीचा रेकॉर्डर, काकांचा पेनड्राईव्ह: एका सेट टॉप बॉक्सचा तीन वर्षांचा हिशेब

हे प्रकरण पाण्यावरून सुरू झालं. डिसेंबर २०२२. जुळे सोलापुरात मावशीच्या गल्लीत नळाला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं आणि त्या महिन्यात त्याची वेळ संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आली होती. पाणी आलं की मोटर लावायची, हौद भरायचा, हौदातलं वरच्या टाकीत चढवायचं, प्यायचं गाळून पिंपात, उरलेलं घागरी-बादल्यांत. हे उरकून मावशी पदराला हात पुसत हॉलमध्ये येईपर्यंत साडेसातची मालिका संपलेली असायची आणि आठचीही निम्मी झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागतो, पण ती तिची झोपायची वेळ. आयुष्यभर शाळेत घंटेवर चाललेल्या बाईला निवृत्तीनंतर दुपारची झोप सोड म्हणायची माझी हिंमत नाही.

तिचा फोन आला. "अरे, टीव्हीवरचं मशीनमध्ये ठेवून घेता येतंय म्हणे. कुठली कंपनी त्याचे किती घेते, बघ की जरा. तुझं कामच हिशेबाचं."

काम हिशेबाचंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या पाच-सहा कारखान्यांची खाती मी लिहितो. नवा माग घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा असा प्रश्न आला की मालकाला एकच कागद करून देतो: तीन वर्षांत खिशातून एकूण किती जाणार. तसाच कागद मावशीसाठी केला. कागदातली बेरीज आजही बरोबर आहे. निर्णय चुकला.

घरात कोण काय बघतं

घरात माणसं तीन, टीव्ही एक. मावशीच्या दोन मराठी मालिका, साडेसात आणि आठ. काकांची आई, जिला आम्ही सगळेच अव्वा म्हणतो, वय ८६. मराठी तिला सगळं कळतं, पण मालिका कन्नडच लागते आणि तीही नेमकी आठलाच. या आठच्या वेळेवरून सासू-सुनेत कित्येक वर्षं चाललेला करार असा: एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. सोलापुरात हे घरोघरी आहे. पूर्व भागातल्या घरांत कन्नडच्या जागी तेलुगू येतं, एवढाच फरक. पुण्या-मुंबईतल्या माणसानं बनवलेला 'मराठी पॅक' इथं निम्म्या घरांना पुरत नाही.

काकांची मागणी काहीच नव्हती. "माझा पेनड्राईव्ह लावलेला आहे बघ पाठीमागं, तो तेवढा तसाच राहू दे," इतकंच ते म्हणाले. मी मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं नाही.

त्यांच्याकडे होती केबल. बॉक्स केबलवाल्याचा, अनामत ८०० रुपये भरलेली, पावती माझ्याच फायलीत. त्या बॉक्सला यूएसबीचं भोक होतं आणि रिमोटवर लाल बटणही होतं, पण टायमर नव्हता. समोर बसून बटण दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. पाणी भरणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

तुलना कशाची करायची

केबल असो की छत्री, म्हणजे डीटीएचची डिश, दुकानदार बोलायला लागतो तो पॅकवरून. "आमच्याकडे अमुक वाहिन्या तमुक रुपयांत." फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाची, नवी दररचना लागू झाली, तेव्हापासून या बोलण्यात फारसा दम राहिलेला नाही. पैसे आकारणाऱ्या प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत ती वाहिनी स्वतः ठरवते आणि ती कमाल किंमत देशभर सगळ्यांना एकच. त्यावर केबलवाला किंवा डीटीएचवाला नेटवर्कचा आकार लावतो. आमच्या प्रकरणाच्या वेळी त्याला मर्यादा होती: २०० वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. एचडी वाहिनी त्यात दोन म्हणून मोजायची. कंपन्या आपापले गठ्ठे बांधून थोडी सूट देतात, पण मावशीच्या वाहिन्या एकेक करून मांडल्या तेव्हा केबलवाला आणि दोन डीटीएच कंपन्या अशा तिन्ही ठिकाणचा महिन्याचा आकडा दहा-पंधरा रुपयांच्या फरकानं सारखाच आला.

मग फरक पडणार तो यंत्रात. बॉक्स कुणाचा, त्याचे एकरकमी किती, दर महिन्याला रेकॉर्डिंगचे वेगळे किती, बसवायचे किती, आणि बिघडला तर कोण बघणार. बसवण्याच्या खर्चालाही तेव्हा २०१७ च्या नियमांची मर्यादा होती, बसवायचे ३५० आणि चालू करून द्यायचे १०० रुपये. जुलै २०२४ च्या दुरुस्तीत नेटवर्कच्या आकारावरची आणि या किरकोळ आकारांवरचीही मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोडलं गेलं. त्यामुळे आज हीच तुलना कुणी करायला बसलं तर हे आकडे दुकानातच फोडून विचारावे लागतील.

आणखी एक गोष्ट यंत्राला चिकटलेली आहे. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. मोबाईलचं सिम बदलावं तशी सोय व्हावी अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण मावशीच्या हॉलपर्यंत ती पोचली नव्हती. छत्रीचंही तेच. एका कंपनीचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, दुसरीचा १०८ अंशांवर. सोलापूर ७६ अंशांच्या आसपास. म्हणजे गच्चीवरच्या छत्रीचं तोंड कंपनीगणिक फिरवायचं, बहुतेक वेळा छत्रीच नवी घ्यायची.

मिळालेले भाव

कंपन्यांची नावं घेत नाही. भाव आम्हाला त्या आठवड्यात तोंडी मिळालेले आहेत, जीएसटीसकट.

केबलवाला म्हणाला, टायमरवाला नवा एचडी बॉक्स देतो, १,६०० रुपये एकदाच, रेकॉर्डिंगचे महिन्याला काही नाही. पावतीवर मात्र 'बॉक्स कंपनीच्या मालकीचा' असं छापलेलं. १,६०० भरून मालकी त्याचीच? "तसंच असतंय सर." पेनड्राईव्ह आपला, ६४ जीबीचा ४५० ला मिळत होता.

पहिली डीटीएच कंपनी: छत्री, बॉक्स, बसवणं धरून १,८५०. बॉक्स आपल्या मालकीचा. पण यूएसबीवर रेकॉर्डिंगची सोय चालू ठेवायचे दर महिन्याला ३५ रुपये ४० पैसे. हे दुकानदारानं सांगितलं नाही, कॉल सेंटरच्या बाईनं सांगितलं, तेही मी "अजून काही महिन्याला लागतं का?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर. ३६ महिन्यांचे होतात १,२७४ रुपये, म्हणजे बॉक्सच्या दोन तृतीयांश.

दुसरी डीटीएच कंपनी: आत ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला बॉक्स. सगळं मिळून ५,९००, रेकॉर्डिंगला मासिक काही नाही, वॉरंटी एक वर्ष. भाव ऐकून मावशी म्हणाली, "एवढ्यात तर सुनेला साडी येती." सून न्यू जर्सीत आहे आणि साडी नेसत नाही, तो भाग वेगळा.

चौथा पर्याय म्हणजे रेकॉर्डिंगच नको. वायफाय घरात होतंच. वाहिन्यांच्या दोन अ‍ॅपची मिळून वर्षाची वर्गणी मी १,५०० धरली.

भावात न सांगितलेलं

इथं सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जावा असाच हा भाग आहे.

आधी ट्यूनर, म्हणजे बॉक्समधला वाहिनी पकडणारा भाग. साध्या बॉक्सला ट्यूनर एकच असतो. तो ज्या वाहिनीवर अडकला त्याच वाहिनीचं रेकॉर्डिंग होतं आणि तीच टीव्हीवर दिसते. दोन वाहिन्या उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे एकाच प्रक्षेपकावर, असल्या तर काही बॉक्स एक रेकॉर्ड करताना दुसरी दाखवतात, पण मराठी मालिका आणि अव्वाची कन्नड मालिका तशा जुळून याव्यात हा योगायोग. म्हणजे केबलवाल्याचा किंवा पहिल्या कंपनीचा बॉक्स घेतला तर पाण्याच्या दिवशी काय होईल? मावशी मागच्या दारी पाणी भरतेय आणि हॉलमध्ये अव्वा एकटीच मावशीची मराठी मालिका बघत बसलीय, कारण बॉक्स रेकॉर्डिंगला लावलाय. हे अव्वाला समजावून कोण सांगणार? दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला ट्यूनर दोन होते. एकावर रेकॉर्डिंग, दुसऱ्यावर अव्वा.

पण दोन ट्यूनरना छत्रीपासून दोन वायरी लागतात. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो तो दोन जोडण्या असलेला घ्यावा लागतो आणि गच्चीपासून हॉलपर्यंत दुसरी वायर वेगळी ओढावी लागते. आमची भरली २४ मीटर, २५ रुपये मीटरनं ६०० रुपये. हे कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. ५,९०० चे ६,५०० झाले.

मग पेनड्राईव्ह. एचडी प्रक्षेपण सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास धरलं तर एका तासाला साधारण ३.६ जीबी जागा जाते. ६४ जीबीत सतरा तास. पुरेसं वाटतं, पण स्वस्त पेनड्राईव्हचा लिहिण्याचा वेग कमी असेल तर चित्र अडखळतं. मोठी पोर्टेबल हार्ड डिस्क लावावी तर दुसरी अडचण. जुन्या पद्धतीचं यूएसबीचं भोक ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतं, डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागू शकते. माझ्या एका ग्राहकाच्या ऑफिसात तसं लावून बघितलं. डिस्क टक्-टक्-टक् करून गप्प बसली. पॉवर वेगळी घेणारी डिस्क घेतली की झाले अजून साडेतीन-चार हजार.

आणि लाईट. ठरल्या वेळी रेकॉर्डिंग व्हायचं तर बॉक्स चोवीस तास लावलेला हवा, भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. त्याच ग्राहकाच्या घरी हार्ड डिस्कवाला बॉक्स होता. प्लगमध्ये अडकवायचा छोटा मीटर लावून बघितला. चालू असताना १४ वॉट, रिमोटनं 'बंद' केल्यावर १३. म्हणजे बंद होतो तो फक्त समोरचा दिवा. साडेतेरा धरले तर वर्षाला ११८ युनिट. आठ रुपये युनिटनं ९४६ रुपये, तीन वर्षांत २,८३८. साध्या बॉक्सला सात वॉट धरून तीन वर्षांत १,४७०.

आता तीन वर्षांची बेरीज. केबलवाला १,६००, पेनड्राईव्ह ४५०, वीज १,४७०: एकूण ३,५२०. पहिली कंपनी १,८५०, मासिक १,२७४, पेनड्राईव्ह ४५०, वीज १,४७०: ५,०४४. दुसरी कंपनी ६,५०० अधिक वीज २,८३८: ९,३३८. अ‍ॅप ४,५००.

दुकानात पहिली कंपनी केबलपेक्षा अडीचशे रुपयांनी महाग दिसत होती. कागदावर ती दीड हजारानं महाग निघाली.

आठवड्याची वही

मालकाला मागाचा हिशेब देताना मी विचारतो, दिवसाला किती मीटर निघणार? मावशीलाही विचारलं, किती भाग चुकतात? "सगळेच चुकतात बघ," ती म्हणाली. म्हणून कालनिर्णयच्या मागच्या पानावर एक आठवडा खुणा करायला लावल्या. सोमवार ते शनिवार दोन मालिकांचे १२ भाग. अव्वाच्या पाळीनं गेलेले सोडून चुकले सहा. चार पाण्यानं, एक पाहुण्यांनी, एक लाईट गेल्यानं. लाईट गेल्यावर रेकॉर्डिंगही जातंच, म्हणून तो सोडून द्यायचा. राहिले पाच, महिन्याचे वीस.

भागाकार केला. केबलवाल्याकडे एका चुकलेल्या भागाला पाच रुपये, पहिल्या कंपनीकडे सात, अ‍ॅपवर सव्वासहा, दुसऱ्या कंपनीकडे तेरा. बॉक्स वाचवणार तो भाग नक्की किती रुपयांचा, हे कळल्यावर मावशी जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आणि आठचं भांडण? ते महिन्याला किती रुपयांचं?"

याला उत्तर नव्हतं. कागदावर दोन ट्यूनरसमोर मी पेन्सिलीनं गोल केला.

न्यू जर्सीचा फोन

मावसभावाला व्हिडिओ कॉलवर हा कागद दाखवला तर तो हसायला लागला. तिकडे बॉक्स विकत घ्यायची पद्धतच कमी, सगळं भाड्यावर. २०१५ साली मार्की आणि ब्लूमेंथल या दोन सिनेटरांनी कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा दिसलं की जवळपास ९९ टक्के ग्राहक बॉक्स भाड्यानं घेतात आणि एक घर त्यापायी वर्षाला सरासरी २३१ डॉलर मोजतं. रेकॉर्डिंगचं शुल्क कित्येक कंपन्या त्याच्यावर वेगळं लावतात. १९९९ मध्ये आलेल्या टिवो या रेकॉर्डरच्या कंपनीनं बॉक्स विकला, पण वेळापत्रकाच्या सेवेची वर्गणी ठेवली. त्यांची एकरकमी 'आजन्म' वर्गणीही असायची. ती माणसाच्या आयुष्यभराची नसून त्या डब्याच्या आयुष्याची. स्वतःच्या मालकीच्या उपकरणाचंही भाडं लावण्यापर्यंत तिथल्या कंपन्यांची मजल गेली होती. ते बंद करायला डिसेंबर २०१९ मध्ये कायदा करावा लागला. विजेचंही आमच्यासारखंच. २०११ च्या एका अभ्यासात एक रेकॉर्डर आणि एक साधा एचडी बॉक्स मिळून वर्षाला ४४६ युनिट खातात असं आढळलं, तिथल्या काटकसरी फ्रिजपेक्षा जास्त.

"आपल्याकडे बरं आहे, डबा एकदा विकत घेतला की सुटलो," मी म्हणालो.

"डबा आपला," तो म्हणाला, "आतलं कुणाचं?"

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

निर्णय आणि भोगी

दुसऱ्या कंपनीचा बॉक्स घ्यायचं ठरलं. सगळ्यात महाग, पण घरातली खरी अडचण सोडवणारा तोच, असं मी लिहून दिलं. अ‍ॅपची मावशीनं परीक्षा घेतली होती. "आधी नंबर टाक, मग ओटीपी, मग जाहिरात, तवर माझा चहा गार." टीव्हीही स्मार्ट नव्हता.

जानेवारी २०२३. भोगीच्या आदल्या दिवशी माणूस आला, छत्री बसवली, दोन वायरी ओढल्या, मावशीला रिमोट शिकवला. त्याच दुपारी केबलवाल्याचा पोरगा येऊन जुना बॉक्स घेऊन गेला. ८०० मधले ५०० परत दिले, तीनशे 'वापराचे' कापले. काकांनी पेनड्राईव्ह काढून शर्टाच्या खिशात ठेवला होता. रात्री आठला अव्वानं कन्नड मालिका बघितली, मागं मराठी रेकॉर्ड झाली, नऊला मावशीनं जाहिराती पळवत बघितली. मला फोन करून सांगितलं, "जमलं बघ." मी खूश.

दुसऱ्या दिवशी यण्णीमज्जन. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला पहिला दिवस, सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी: पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त ते उंचच्या उंच काठीचे ध्वज तोलत शहरभर चालतात. काकांनी कित्येक वर्षं ध्वज धरला. शेवटचा २०२० च्या जानेवारीत. नंतर दोन वर्षं कोरोनाच्या निर्बंधांत गेली आणि मग गुडघ्यानं साथ सोडली. आता घरी बसून मिरवणूक बघायची. त्यांनी रिमोट घेतला आणि गावातली केबलची वाहिनी शोधायला लागले.

ती सापडेना. सापडणार कशी? केबलवाल्याची स्वतःची गावातली वाहिनी डीटीएचवर नसते. उपग्रहावर तिला कोण चढवणार? तीनशे-चारशे वाहिन्या खालीवर करून काका थांबले. काही बोलले नाहीत. खिशातून पेनड्राईव्ह काढला आणि नव्या बॉक्सला लावला. २०२० ला मुलगा इथं आला होता, त्यानं समोर बसून लाल बटण दाबलं होतं. त्यात दिसतात ते स्वतः, ध्वज धरून.

टीव्हीवर अक्षरं आली: हे उपकरण वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावं लागेल. होय, नाही.

काकांनी मला फोन केला, "होय दाबू का?" माझ्या पोटात गोळा आला. मी स्कूटर काढली.

कुलूप

पेनड्राईव्हवरचं रेकॉर्डिंग साध्या व्हिडिओसारखं नसतं. ज्या बॉक्सनं ते केलं त्याच्या चावीनं ते कुलूपबंद असतं आणि त्याच बॉक्सवर उघडतं. घरच्या संगणकाला त्या फायली दिसतात, चालत नाहीत. आतल्या हार्ड डिस्कचीही तऱ्हा तीच. गंमत अशी की आपला प्रताधिकार कायदा, १९५७ चा, कलम ३९ मध्ये स्वतःच्या वापरासाठी केलेलं प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग हा हक्कभंग नाही असं स्पष्ट सांगतो. कायदा ठेवू देतो, डबा उघडू देत नाही. व्हीसीआरच्या काळात कॅसेट शेजारच्या घरी नेऊन बघता यायची. या फायली नेता येतात, पण शेजाऱ्याचा बॉक्स त्या वाचत नाही.

आणि तो डबा आम्ही आदल्या दिवशी पाचशे रुपये घेऊन परत केलेला.

विजापूर रोडवरच्या केबलच्या ऑफिसात मागच्या खोलीत पोत्यांत बॉक्स भरून ठेवले होते, सुतळीनं चार-चारची गठडी बांधून. पोरगा म्हणाला, "कुठला शोधणार सर, सगळे सारखेच." अनामतीची जुनी पावती फायलीत होती, तिच्यावर बॉक्सचा नंबर होता. माझ्या धंद्याचा या प्रकरणात झालेला एवढाच उपयोग. तिसऱ्या पोत्यात सापडला. मागच्या बाजूला मावशीनं लावलेलं हळदी-कुंकवाचं बोट तसंच होतं, दसऱ्याचं.

घरी लावला तर रेकॉर्डिंगची यादी दिसली, पण चालू केल्यावर 'सेवा बंद आहे' असं आलं. बॉक्समधलं वर्गणीचं कार्ड चालू नसेल तर जुनंही दाखवत नाही. पुन्हा ऑफिस. नुसत्या मोफत वाहिन्या आणि गावची वाहिनी, एवढंच चालू करून घेतलं: १५३ रुपये ४० पैसे, आणि अनामतीचे ५०० परत भरले.

सुधारलेला कागद

केबल काही बंद केली नाही. काकांनी पेन्शनमधून महिन्याचे १५३ रुपये ४० पैसे स्वतः द्यायचं ठरवलं. ३६ महिन्यांचे ५,५२२. दुसऱ्या कंपनीच्या ९,३३८ मध्ये मिळवले की १४,८६०. चार पर्यायांची तुलना करून मी त्या घराला चारांहून महाग असा पाचवा पर्याय मिळवून दिला. अव्वाची सोय झाली, मावशीची झाली. पण काकांना एक प्रश्न आधी विचारला असता, 'त्या पेनड्राईव्हमध्ये काय आहे?', तर केबल सोडायचा विषयच निघाला नसता. केबलवाल्याचा बॉक्स तसाच ठेवायचा, मावशीसाठी स्मार्ट टीव्ही नसला तरी चालेल असं एखादं स्वस्त उपकरण लावून अ‍ॅप, आणि महिनाभर तिला ओटीपीची सवय. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

नव्या बॉक्सचं पुढं काय झालं ते थोडक्यात. पहिल्याच मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला बॉक्स इतका तापायचा की रेकॉर्डिंग मध्येच तुटायचं. बाहेर काढून उघड्यावर ठेवला, मग ठीक. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला. आता जो कुणी विचारतो त्याला भावाच्या आधी मी तीन गोष्टी विचारायला सांगतो: रिचार्ज संपल्यावर जुनं रेकॉर्डिंग दिसेल का, बॉक्स बदलून दिला तर आतलं कुठं जाईल, आणि तुमच्या गावची वाहिनी यात आहे का. दुकानदार पहिल्या दोन्हींना "सगळं होतंय सर" म्हणतो. लेखी मागितलं की फोन लावतो.

त्या यण्णीमज्जनाच्या रात्री कार्ड चालू व्हायला दहा वाजले. तोवर मिरवणूक आटोपत आली होती. काका म्हणाले, "आधी जुनं लाव." मी मोबाईल स्टूलवर, स्टूलवर दोन वह्या, असा टीव्हीसमोर उभा केला आणि टीव्हीचंच शूटिंग घेतलं. कुलूप उघडायचा मला सुचलेला तेवढाच मार्ग. चाळीस-एक सेकंदांचा तुकडा आहे. गर्दी, बाराबंद्या, ध्वज थोडा कलतो, पुन्हा सरळ होतो, आणि त्याच्याखाली मान वर करून काका. पंख्याचा आवाज त्यात आलाय, टीव्हीच्या काचेत माझी सावली आलीय. ध्वज सरळ होतो तिथंच मागून मावशीचा आवाज येतो, "अरे, पाणी आलं वाटतं, मोटर लावा कुणीतरी." मावसभावाला पाठवला तेव्हा मी म्हटलं, आवाज काढून टाकून पाठवू का? नको म्हणाला.